रिफर्बिश्ड संगणक घ्यावा की नवा? पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

संगणक घेताना बहुतेक जण नव्या यंत्राची किंमत पाहतात, शेजारी रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विक्रीला ठेवलेल्या, यंत्राची किंमत पाहतात आणि दोहोंतल्या फरकावरून निर्णय घेऊन मोकळे होतात. या पद्धतीत महत्त्वाच्या गोष्टी निसटतात. संगणक किती वर्षे उपयोगी पडेल हे त्याच्या वयावरून ठरतेच, पण त्याला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, त्याचे कोणते भाग बदलता येतात आणि तो बिघडला तर जबाबदारी कोण घेणार, यांवरूनही ते तितकेच ठरते. म्हणून नुसत्या किमतीची तुलना न करता, वापराच्या दर वर्षामागे किती खर्च पडतो याची तुलना करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती तुलना कशी करायची आणि पसंत पडलेले यंत्र कसे तपासून घ्यायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: काम लिहून काढा

दुकानात किंवा संकेतस्थळावर जाण्यापूर्वी, संगणकावर रोज काय करायचे आहे आणि वर्षातून एखाद्या वेळी काय करावे लागेल, हे कागदावर वेगवेगळे लिहावे. लेखन, ईमेल, ऑनलाइन वर्ग, हिशोबाच्या शीट, व्हिडिओ पाहणे आणि ब्राउझरमध्ये एकाच वेळी दहा-पंधरा टॅब उघडे ठेवणे, एवढेच काम असेल, तर चार-पाच वर्षांपूर्वीचे चांगल्या दर्जाचे यंत्र ते आजही विनातक्रार करते. मोठे व्हिडिओ संपादित करणे, त्रिमितीय आराखडे तयार करणे, नवे गेम खेळणे किंवा दिवसभर चार्जरशिवाय फिरणे ही रोजची गरज असेल, तर निर्णय नव्या यंत्राकडे झुकतो, कारण ग्राफिक्सची क्षमता आणि बॅटरीचा टिकाऊपणा या दोन बाबींत जुने यंत्र सर्वांत आधी मागे पडते.

यादीत आणखी एक नोंद करावी: यंत्र अडले तर मदतीला कोण आहे? स्वतः विंडोज टाकता येत असेल किंवा घरात तसे कोणी असेल, तर रिफर्बिश्ड यंत्राची जोखीम बरीच कमी होते. दूर राहणाऱ्या वयस्कर आईवडिलांसाठी संगणक घ्यायचा असेल आणि जवळ कोणी जाणकार नसेल, तर घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी असलेले नवे यंत्र थोडे महाग पडले तरी घ्यावे.

दुसरी पायरी: समोरचे यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे विचारा

‘सेकंड हँड’ म्हणजे आधीच्या मालकाने वापरून जसेच्या तसे विकलेले यंत्र. त्याची तपासणी झालेली असेलच असे नाही. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे ग्राहकाने खोके उघडून थोड्याच दिवसांत परत केलेले, बहुधा जवळपास नवेच यंत्र. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे परत आलेले किंवा वापरलेले यंत्र तपासून, साफ करून, गरज असेल तेथे भाग बदलून आणि जुना डेटा पुसून पुन्हा विक्रीला ठेवलेले. हे काम मूळ कंपनीने केले असेल तर वॉरंटी सर्वांत भरवशाची असते. उदाहरणार्थ, ॲपल आपल्या रिफर्बिश्ड मॅकवर नव्याप्रमाणेच एक वर्षाची वॉरंटी देते. त्रयस्थ विक्रेत्याने काम केले असेल, तर त्याने नेमके काय तपासले आणि काय बदलले, हे लेखी मागावे. नुसते धूळ झटकून ‘रिफर्बिश्ड’ म्हणवले जाणारे यंत्रही बाजारात असते.

‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ ही वर्गवारी मुख्यतः बाह्य रूपाची असते आणि ती प्रत्येक विक्रेत्याची वेगळी असते. झाकणावर ओरखडे असलेला पण आतून निकोप असा ‘बी ग्रेड’ लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर तो मला चकचकीत ‘ए ग्रेड’पेक्षा अधिक शहाणपणाचा सौदा वाटतो.

रिफर्बिश्ड बाजारातला सर्वांत चांगला माल बहुधा कार्यालयांतून येतो. मोठ्या संस्था लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक अशा व्यावसायिक श्रेणीतील यंत्रे अनेकदा भाडेकरारावर घेतात आणि तीन-चार वर्षांनी सगळी एकदम बदलतात. या यंत्रांची बांधणी भक्कम असते, बिजागऱ्या मजबूत असतात, सुटे भाग सहज मिळतात आणि अनेक मॉडेलांत मागचे झाकण काही स्क्रू काढून उघडता येते. घरगुती वापरासाठी बनवलेल्या स्वस्त लॅपटॉपांत हे गुण क्वचितच एकत्र सापडतात.

तिसरी पायरी: प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचा आणि अपडेटची मुदत काढा

माझ्या मते निर्णयाची ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नवखे ग्राहक सर्वाधिक फसतात तेही येथेच. प्रोसेसर म्हणजे संगणकाची सर्व आकडेमोड करणारी मुख्य चिप. जाहिरातीत ‘आय७ प्रोसेसर’ एवढेच लिहिलेले असते. आय३, आय५, आय७ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे त्या त्या पिढीतले दर्जे आहेत. पिढी कोणती, हे पुढच्या आकड्यावरून कळते. ‘आय५-८३५०यू’ या नावात हायफननंतरचा ८ हा आठवी पिढी सांगतो. ‘आय५-१०२१०यू’ हा दहाव्या आणि ‘आय५-११३५जी७’ हा अकराव्या पिढीतला. हा फरक नावापुरता नाही. सातव्या पिढीतल्या पातळ लॅपटॉपांच्या ‘आय५-७२००यू’मध्ये दोन कोअर (एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसरचे भाग) होते, तर आठव्या पिढीतल्या ‘आय५-८२५०यू’मध्ये चार आले. त्यामुळे चौथ्या पिढीच्या ‘आय७’ लॅपटॉपपेक्षा आठव्या पिढीचा ‘आय५’ सर्वसाधारण कामात उजवा ठरतो. विक्रेता पूर्ण नाव सांगायला टाळाटाळ करत असेल, तर तेथून सरळ निघावे.

आठव्या पिढीला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा सोय) आणि ठरावीक प्रोसेसर यांची अट घातली. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर असेल तर पिढीवरून अंदाज न बांधता मायक्रोसॉफ्टच्या यादीत नेमके मॉडेल शोधावे. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेला वाढीव सुरक्षा अपडेटचा कार्यक्रम हा तात्पुरता आधार आहे, त्यावर विसंबून आज यंत्र खरेदी करण्यात अर्थ नाही.

या बदलामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची असंख्य चालू स्थितीतली यंत्रे संस्थांनी बाहेर काढली आणि ती आकर्षक किमतीला विकली जातात. काही विक्रेते अटींना वळसा घालून त्यांवर विंडोज ११ बसवूनही देतात. यंत्र चालते, पडद्यावर विंडोज ११ दिसते आणि ग्राहक निर्धास्त होतो. मात्र अपात्र यंत्रांना पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली वापरण्याची तुमची तयारी असेल, तर तो उत्तम सौदा ठरू शकतो, कारण या प्रणाली जुन्या प्रोसेसरवर व्यवस्थित चालतात. विंडोजच हवे असेल तर ते यंत्र घेऊ नये.

मॅकच्या बाबतीत विभाजनरेषा अधिक ठळक आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपवरचे मॅक बाजारात आणले. पुढे जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी मॅकओएस २६ ‘टाहो’ ही शेवटची आवृत्ती असेल. त्यामुळे इंटेलचा मॅक कितीही स्वस्त आणि देखणा दिसला तरी तो दीर्घकाळासाठी घेऊ नये. एम१ किंवा त्यानंतरची चिप असलेलाच पाहावा. क्रोमबुकला, म्हणजे गुगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपला, स्वयंचलित अपडेट कधीपर्यंत मिळणार, याची तारीख गुगलने मॉडेलनिहाय प्रसिद्ध केलेली असते. ही मुदत तुम्ही यंत्र घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, म्हणून ती तारीख पाहिल्याशिवाय क्रोमबुक घेऊ नये.

चौथी पायरी: रॅम, साठवण आणि पडदा

हार्ड डिस्कवर चालणारा संगणक आज घेऊच नये. सामान्य हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट वाचते, एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची साठवण) जुन्या ‘साटा’ जोडणीची असेल तर सुमारे ५५० पर्यंत जाते आणि नव्या ‘एनव्हीएमई’ जोडणीची असेल तर त्याच्या कित्येक पट. जुन्या संगणकात एसएसडी टाकल्यावर जाणवणारा फरक इतर कोणत्याही बदलापेक्षा मोठा असतो. रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) किमान ८ जीबी असावी आणि चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १६ जीबी असावी.

येथे नव्या यंत्रांबद्दलही सावध केले पाहिजे. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपांत ४ जीबी रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच, झाळलेली असते, साठवणीसाठी एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी ही स्वस्त पण संथ चिप असते आणि हे दोन्ही नंतर बदलता येत नाही. विंडोजचे अपडेट उतरवायलाही जागा अपुरी पडू लागते. असे कोरे करकरीत यंत्र पहिल्याच वर्षी रडकुंडीला आणते, आणि तेवढ्याच पैशांत मिळणारा कार्यालयीन श्रेणीचा रिफर्बिश्ड लॅपटॉप त्याच्यापेक्षा कितीतरी सरस असतो. नव्या यंत्राची बाजू खऱ्या अर्थाने भक्कम होते ती मध्यम किमतीपासून पुढे.

पडद्याचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० असल्याची खात्री करावी. जुन्या कार्यालयीन लॅपटॉपांत १३६६ बाय ७६८ चे फिकट पडदे सर्रास असत आणि एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार मिळत, म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नये.

डेस्कटॉप चालणार असेल, तर निर्णय बराच सोपा आहे. त्यात बॅटरी नाही, बिजागरी नाही, पडदा वेगळा असतो आणि बहुतेक भाग बदलता येतात. रिफर्बिश्ड खरेदीत सर्वांत कमी धोका डेस्कटॉपमध्येच आहे. फक्त कार्यालयीन लहान खोक्यांत पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो आणि मोठे ग्राफिक्स कार्ड बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: वर्षामागे खर्च काढा

समजा, तुमच्या गरजेच्या नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरली आणि तो सहा वर्षे नीट चालेल असा अंदाज केला, तर वर्षाला साधारण १७ पडतात. त्याच ताकदीचा, चार वर्षे वापरलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप ४५ ला मिळतो. त्यात नव्या बॅटरीसाठी १० धरावेत, म्हणजे ५५ झाले. अपडेटची मुदत आणि यंत्राची स्थिती पाहता तो चार वर्षे चालेल असे वाटत असेल, तर वर्षाला १४ पेक्षाही कमी पडतात आणि रिफर्बिश्ड घेणे योग्य ठरते. तोच लॅपटॉप ६५ ला मिळत असेल आणि तीनच वर्षे चालणार असेल, तर बॅटरीसह वर्षाला २५ पडतात, म्हणजे नवाच स्वस्त झाला. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. स्वतःचा हिशोब करताना चार्जर, वाढीव रॅम आणि वॉरंटीतला फरक यांचाही समावेश करावा, आणि ‘किती वर्षे चालेल’ हा अंदाज मनाला बरे वाटावे म्हणून फुगवू नये.

पर्यावरणाचा विचारही या हिशोबात यावा, असे मला मनापासून वाटते. लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्यात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून तयार करण्यात असतो. जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेला नाही. दोन पर्याय हिशोबात जवळपास सारखे निघाले, तर पारडे रिफर्बिश्डकडे झुकवायला एवढे कारण पुरेसे आहे.

सहावी पायरी: पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा

वॉरंटी किती महिन्यांची आहे, त्यात बॅटरी धरली आहे का आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे विचारावे. परत केल्यास पूर्ण पैसे मिळणार की दुसरे यंत्र, हेही आधीच ठरवून घ्यावे. चार्जर मूळ कंपनीचा आणि योग्य क्षमतेचा आहे का, हे विचारायला पुष्कळ जण विसरतात. विंडोजचा परवाना खरा आहे का, हे विचारावे. संस्थेसाठी घेतलेला सामूहिक परवाना यंत्राबरोबर नव्या मालकाकडे येत नाही. या सर्वांची उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत. परत करण्याची मुदतच नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी पहिल्या खरेदीसाठी तो विक्रेता टाळावा.

सातवी पायरी: यंत्र हाती आल्यावर तपासणी

परत करण्याची मुदत असतानाच पुढील तपासण्या पूर्ण कराव्यात.

सुरुवात कुलुपांपासून करावी, कारण येथे दोष निघाला तर बाकी तपासणीला अर्थ उरत नाही. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन पाहावे. तेथे पासवर्ड मागितला गेला, तर तो काढून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. त्यानंतर विंडोज रीसेट करून, इंटरनेट जोडलेले असताना पहिली मांडणी करावी. पडद्यावर एखाद्या अनोळखी संस्थेचे नाव आले आणि त्या संस्थेचा ईमेल मागितला गेला, तर यंत्र अजून त्या संस्थेच्या व्यवस्थापन यादीत आहे. ही नोंद सर्व्हरवर असते, त्यामुळे डिस्क पुसून किंवा एसएसडी बदलून ती जात नाही. संस्थेने स्वतः नाव काढले तरच सुटका होते. मॅकमध्ये हेच काम ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ करते. जुन्या मालकाचे ॲपल अकाउंट (पूर्वीचे नाव ॲपल आयडी) मागणारा मॅक त्याच दिवशी परत करावा.

नंतर बॅटरी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘powercfg /batteryreport’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट मागवता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ अशा दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत ५०,००० आणि दुसरीत ३६,००० मिलिवॉट-तास असे दिसले, तर बॅटरीची ७२ टक्के क्षमता उरली आहे. ८० च्या वर असेल तर समाधान मानावे, ६० च्या आसपास असेल तर नवी बॅटरी लवकरच लागेल असे धरून किंमत कमी करून घ्यावी. मॅकमध्ये सिस्टिम रिपोर्टमध्ये ‘सायकल काउंट’ दिसतो. बहुतेक आधुनिक मॅकबुकच्या बॅटरीसाठी ॲपलने १००० ही मर्यादा दिलेली आहे. आकड्यांबरोबर हातानेही पाहावे. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला असता डुगडुगत असेल, टचपॅड एका बाजूने वर आला असेल किंवा त्याचे क्लिक अडकत असेल, तर आत बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. असे यंत्र चार्जिंगला लावू नये आणि घरात ठेवूही नये.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. ते डिस्कचे आरोग्य टक्क्यांत दाखवते आणि ती आजवर एकूण किती तास चालू होती हेही सांगते. ‘नवी एसएसडी टाकली आहे’ असे सांगितले गेले असेल आणि तासांच्या रकान्यात १४,००० दिसत असतील, तर विक्रेत्याचे म्हणणे खोटे आहे, आणि मग त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही त्याच नजरेने पाहावे. रॅमसाठी विंडोजमधलेच मेमरी डायग्नॉस्टिक पुरते.

पडद्यावर पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र आणून मेलेले ठिपके आणि डाग शोधावेत. कीबोर्डची प्रत्येक कळ, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, माइक, स्पीकर, वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरून पाहावे. झाकण हळूहळू उघड-बंद करताना चौकट करकरते का, हे ऐकावे. शेवटी अर्धा तास व्हिडिओ कॉल आणि अनेक टॅब एकत्र चालवावेत. पंखा सतत पूर्ण वेगाने ओरडत असेल आणि यंत्र मंदावत असेल, तर आत धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, परंतु तो खर्च विक्रेत्याने करायला हवा.

तपासणीत यंत्र खरे उतरले, तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीने विंडोज नव्याने टाकावे. विक्रेत्याने आधी बसवलेल्या प्रणालीत परवाना मोडणारी किंवा अनोळखी सॉफ्टवेअर असू शकतात आणि त्याच यंत्रावर तुम्ही पुढे बँकेचे व्यवहार करणार असता. नव्याने टाकल्यानंतर सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर विंडोज सक्रिय झाल्याचे दिसते का, ते पाहावे. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने खरा परवाना इंटरनेट जोडल्यावर आपोआप ओळखला जातो.

बिलावर मॉडेल, प्रोसेसरचे पूर्ण नाव, वॉरंटीची मुदत आणि सिरियल नंबर हे चारही तपशील छापलेले असावेत. यंत्राच्या तळाशी लिहिलेला सिरियल नंबर, बायोसमध्ये दिसणारा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का, हे जुळवून पाहावे. तोच नंबर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर टाकल्यास यंत्र कोणत्या बांधणीत विकले गेले होते आणि त्याची मूळ वॉरंटी कधी संपली किंवा संपणार, हे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत लगेच कळते, आणि काही वेळा तीत अजून काही महिने शिल्लकही असतात.